नाताळची गाणी मिळून गाताना : नाशिकमधल्या नवख्या गायकांसाठी

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की शरणपूर रोड, नाशिक रोड, देवळाली कॅम्प आणि सिडकोकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नाताळच्या गाण्यांचे सराव सुरू होतात. दरवर्षी या सरावांना काही नवे चेहरे येतात. त्यांत लग्न होऊन नाशकात आलेली सून असते, सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागलेला तरुण असतो, शिकायला आलेली मुलगी असते, आणि कधीकधी ख्रिस्ती नसलेला पण गाण्याच्या ओढीने आलेला शेजारीही असतो. त्यांतले बरेच जण दोन-तीन सराव मागच्या खुर्चीवर बसून काढतात आणि मग येईनासे होतात, कारण इथे नेमके काय करायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मी स्वतः असाच मागच्या खुर्चीवर बसलेलो आहे. पुढे कित्येक डिसेंबर या गाण्यांबरोबर गेल्यावर जे कळले, ते इथे क्रमाने लिहीत आहे. त्यात परदेशातल्या मंडळ्यांची उदाहरणेही आहेत, कारण आपल्याला सरावात पडणारे बहुतेक प्रश्न त्यांना आपल्या कितीतरी आधी पडले होते आणि त्यांनी शोधलेली उत्तरे नाशकातही उपयोगी पडतात.

पहिली पायरी : हंगाम समजून घेणे

चर्चच्या पंचांगात नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे. म्हणूनच कॅथलिक चर्चमध्ये या रविवारांच्या मिस्सांत, म्हणजे मुख्य उपासनांत, 'ग्लोरिया' म्हटले जात नाही. देवदूतांच्या गीतापासून सुरू होणारे ते स्तोत्र नाताळच्या रात्री परत येते, आणि त्या रात्री ते इतके भरून येते याचे एक कारण मधल्या चार आठवड्यांचे मौन हेच आहे. नवख्या गायकाने एवढे लक्षात ठेवले की 'आपण जन्माची गाणी आत्ताच रविवारी का म्हणत नाही?' या प्रश्नाचे उत्तर त्याला आपोआप मिळते. काही मंडळ्या हा नियम कसोशीने पाळतात, तर काही डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासूनच नाताळची गाणी म्हणतात. आपण ज्या मंडळीत जाणार तिथली रीत पाळकसाहेबांना किंवा फादरांना आधी विचारून घ्यावी.

वाट पाहणे आणि गाणे यांची सांगड सर्वांत सुंदर कोणी घातली असेल तर ती फिलिपिन्समधल्या लोकांनी, असे मला वाटते. तिथे १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस सूर्योदयापूर्वी मिस्सा होते. तिला 'सिंबांग गाबी' म्हणतात. शेतकऱ्यांना शेतावर जाण्याआधी उपासनेला येता यावे म्हणून ती पहाटे ठेवण्याची रीत पडली. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला डिसेंबरच्या पहाटेचे काम काय असते हे वेगळे सांगायला नको, आणि म्हणून ही रीत मला कधी परकी वाटली नाही. मेक्सिकोतही हेच नऊ दिवस 'पोसादा' म्हणून पाळतात. त्याबद्दल पुढे घरोघरच्या फेरीत लिहितो.

व्यावहारिक हिशेब असा आहे. फेऱ्या साधारण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणार असतील, तर सराव नोव्हेंबरच्या मध्यापासून आठवड्यातून दोनदा तरी हवा. नव्या माणसाने पहिल्याच सरावापासून यावे. गाणी त्याला नंतरही शिकता येतील, पण एकमेकांचा आवाज ओळखायला जो वेळ लागतो तो मागाहून भरून काढता येत नाही.

दुसरी पायरी : पहिला सराव, आणि ऐकणे

पहिल्या सरावाला जाताना एक वही, एक पेन्सिल आणि कोमट पाण्याची बाटली न्यावी. मोबाइलवर गाण्यांचे शब्द असतात हे खरे, पण घराच्या अंगणात अंधारात वीस जणांचे वीस पडदे उजळले की गाणाऱ्याचे तोंड खाली जाते आणि आवाजही खाली जातो. वहीत स्वतःच्या हाताने उतरवलेले गाणे अर्धे पाठ झालेले असते. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक घरोघर असते. ते जवळ असेल तर न्यावे आणि गाण्याचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा, कारण सरावात बरेचदा गाण्याच्या नावाऐवजी क्रमांकच पुकारला जातो.

पहिले दोन सराव कमी गावे आणि जास्त ऐकावे. आपल्या डावीकडच्या व उजवीकडच्या माणसाचा आवाज आपल्याला स्पष्ट ऐकू येत नसेल, तर आपण गरजेपेक्षा मोठ्याने गात आहोत असे समजावे. याच्याइतका भरवशाचा नियम मला दुसरा सापडलेला नाही. ज्यांनी शाळेत किंवा गणेशोत्सवात एकट्याने गायले आहे त्यांना हे सुरुवातीला जड जाते. चांगला आवाज असलेल्या नव्या माणसाला पुढे उभे करण्याचा मोह प्रमुखालाही होतो, आणि तो त्याने टाळावा.

वेल्समध्ये 'प्लिगाइन' नावाची जुनी रीत आहे. नाताळच्या पहाटे, पूर्वी तीन ते सहाच्या दरम्यान, लोक मेणबत्त्यांच्या उजेडात चर्चमध्ये जमत आणि छोटे छोटे गट एकामागून एक पुढे येऊन वाद्यांशिवाय गात. कोणता गट केव्हा येणार हे कोणी पुकारत नाही. एक गट आपल्या जागी परतला की दुसरा आपणहून उठतो. एकदा म्हटलेले गीत त्या उपासनेत कोणी पुन्हा म्हणत नाही, त्यामुळे प्रत्येक गटाला इतरांचे सगळे मन लावून ऐकावेच लागते. शेवटी जमलेले सर्व पुरुष पुढे येऊन एकत्र गातात. मध्य वेल्समधल्या काही गावांत ही रीत आजही चालू आहे. आमच्या सरावात आम्ही महिन्यातून एक संध्याकाळ अशीच घेतो. हार्मोनियम बंद ठेवतो, नावे पुकारत नाही, दोन-तीन जण उठतात, गातात आणि बसतात. नवखी माणसे त्या संध्याकाळी जेवढी मोकळी होतात तेवढी एरवी महिनाभरात होत नाहीत.

तिसरी पायरी : पट्टी

आता ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त सराव वाया जातो तिच्याकडे वळतो : पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते. एका डिसेंबरात आम्ही एका जुन्या घरात फेरीला गेलो होतो. आमच्यातल्या एका मुलीचा आवाज फार सुरेख होता आणि सगळी गाणी तिच्या आवाजाला शोभतील अशा उंच पट्टीत बसवलेली होती. घरातल्या आजी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. आम्ही गात असताना त्यांचे ओठ हलत होते, पण सूर निघत नव्हता. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी हात जोडून मान खाली घातली. आमच्या हार्मोनियमवाल्या काकांनी काही न बोलता पट्टी दोन सुरांनी उतरवली आणि तेच गाणे पुन्हा पहिल्यापासून धरले. त्या वेळी आजींनी चारही कडवी डोळे मिटून, पुस्तकाशिवाय म्हटली. तिसरे कडवे आमच्यातल्या निम्म्यांना येत नव्हते, ते त्यांनी आम्हाला ओढून नेले. तेव्हापासून आमचा नियम आहे की पट्टी ठरवायची ती ऐकणाऱ्या घराला आपल्याबरोबर गाता येईल अशी.

हे प्रत्यक्षात कसे करायचे ते दोन गाण्यांवरून सांगतो. 'सायलेंट नाइट' या नावाने जगभर माहीत असलेले गीत मूळ जर्मन आहे. योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने शब्द लिहिले, फ्रान्त्स क्सावर ग्रूबर या शाळामास्तरांनी चाल दिली आणि २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या चर्चमध्ये ते दोघांनी गिटारच्या साथीने पहिल्यांदा गायले. चाल ऐकायला इतकी सोपी वाटते की माणूस बेसावध राहतो. पण ती मध्य सप्तकातल्या षड्जापासून (सा) वरच्या, म्हणजे तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत (म) जाते, म्हणजे एका सप्तकाच्या वर आणखी चार सूर. शेवटची ओळ दोनदा येते, आणि तिच्या पहिल्या वेळेला तो तार मध्यम लागतो. म्हणून पट्टी ठरवताना गाणे सुरुवातीपासून न म्हणता ही एकच ओळ आधी म्हणून पाहावी. ती सगळ्यांना सहज निघाली की बाकीचे गाणे निघतेच. मिश्र गटासाठी पांढरी एक (हार्मोनियमवरची सप्तकातली पहिली पांढरी पट्टी सा धरून) ही वरची मर्यादा समजावी, आणि वयस्कर माणसे जास्त असतील तर त्याखालची काळी पाच घ्यावी.

याच गीताचा ठेका सहा मात्रांचा आहे आणि तो आपल्या दादऱ्यात जसाच्या तसा बसतो. ढोलकवाल्याने मात्र दादरा वाजवायचा तो पाळण्याच्या झोक्यासारखा, बोटांनी, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, फक्त हलकासा भार देऊन. जोरात वाजवला की गाण्याचे लग्नाच्या वरातीत रूपांतर होते. नाशकात कीबोर्डवर तयार ठेका लावून हे गाणे म्हणण्याची सवय वाढली आहे. त्या यंत्राला मंडळीचा श्वास कळत नाही, एवढेच मी त्याबद्दल म्हणेन.

दुसरे गीत 'जॉय टू द वर्ल्ड'. आयझॅक वॉट्स यांनी ९८व्या स्तोत्राच्या आधारे लिहिलेले त्याचे शब्द १७१९ साली प्रसिद्ध झाले. याची पहिली ओळ म्हणजे तार षड्जापासून मध्य षड्जापर्यंत बिलावलाचा, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांचा, सरळ अवरोह (उतरता क्रम) आहे. सा नि ध प म ग रे सा, एकही सूर न वगळता. ज्याने लहानपणी हार्मोनियमवर सरगम घोटली आहे त्याला ही ओळ आधीच येते. अडचण अशी आहे की गाणे सुरूच वरच्या सुरावर होते, आणि थंडीत गळा गरम झालेला नसताना तो सूर फुटतो. म्हणून फेरीत हे गाणे पहिले कधीच घेऊ नये. ते तिसरे-चौथे घ्यावे. संपूर्ण गाणे एकाच सप्तकात मावते, त्यामुळे पांढरी दोन बहुतेकांना झेपते.

चौथी पायरी : मराठी शब्द परक्या चालीवर

परदेशी चालींवर बसवलेली मराठी गाणी म्हणताना शब्दांची मोडतोड होते आणि ती हळूहळू कानांना चालू लागते. 'जन्मला' हा शब्द घ्या. चालीतला लांब सूर 'ज' वर आला तर 'ज' मधला अकार लांबवायचा आणि 'न्म' अगदी शेवटी, पुढच्या अक्षराला चिकटवून उच्चारायचा. घाईत किंवा आळसात तिथे 'जनमला' होते आणि शब्द हिंदी होऊन जातो. 'प्रभू' मध्ये पहिले अक्षर ऱ्हस्व व दुसरे दीर्घ आहे, पण पुष्कळ चालींत जोरकस मात्रा पहिल्या अक्षरावर पडते. तिथे जोर द्यावा, लांबी देऊ नये, नाहीतर 'प्राभु' ऐकू येते. 'गव्हाणीत' हा शब्द मध्येच श्वास घेऊन तोडू नये. श्वासाच्या जागा सरावातच पेन्सिलीने वहीत खुणा करून ठरवाव्यात आणि सर्वांनी त्याच ठेवाव्यात. वीस जणांनी एकाच जागी घेतलेला श्वास हा गाण्याचाच भाग असतो.

अर्थात, परक्या चालींखेरीज आपली स्वतःची गाणी आहेत, आणि नव्या माणसाने ती आधी शिकावीत असे मी आग्रहाने सांगेन. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यातल्या सुमारे ११,००० ओव्यांत येशूच्या जन्माची कथा ओवीच्या चालीने येते. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांना मराठी ख्रिस्ती उपासनेत मानाची जागा दिली. 'उपासना संगीत' मध्ये त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. आपल्यासाठी विशेष म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. अभंगाच्या चालीवरचे नाताळगीत टाळांच्या साथीने म्हटले की सत्तरीतल्या मावशींपासून संडे स्कूलच्या मुलांपर्यंत सगळे आपोआप ठेका धरतात, आणि पट्टीचा प्रश्नही फारसा येत नाही. आमच्या यादीत साधारण दहा गाणी असतात. त्यांतली पाच मराठी चालींची, तीन परदेशी चालींची मराठी रूपांतरे, एक हिंदी आणि एक इंग्रजी.

भाषांचा प्रश्न नाशकात नवा नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनसंस्थेने वसवलेल्या शरणपुरात पुढे गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींनाही आसरा व शिक्षण मिळाले. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची शवपेटी वाहणाऱ्यांत होता, आणि शरणपुरातले काही जण नंतर मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन वस्तीत जाऊन राहिले. एका बाकावर बसलेल्या माणसांची मातृभाषा वेगळी असणे ही इथली जुनीच गोष्ट आहे. आज नाशिक रोड व देवळाली भागात तमिळ, मल्याळम, कोंकणी, हिंदी बोलणारी कुटुंबे मराठी मंडळींसोबत राहतात. अशा ठिकाणी एकाच चालीची कडवी भाषांमध्ये वाटून घ्यावीत. पहिले कडवे मराठीत सर्वांनी म्हणावे, दुसरे मल्याळम कुटुंबाने, तिसरे तमिळ कुटुंबाने, आणि शेवटचे प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकाच वेळी. शेवटच्या कडव्यात गोंधळ होईल असे वाटते, पण चाल एक असल्याने होत नाही. फक्त शब्द बघून मध्येच थांबायचे नाही हे आधी बजावून ठेवावे.

पाचवी पायरी : घरोघर फेरी

फेरीच्या आधी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात : घरांची यादी व क्रम, प्रत्येक घराला दिलेली वेळ, आणि गटासोबत येणाऱ्या लहान मुलांची जबाबदारी कोणाकडे. एका घराला पंधरा मिनिटे धरली, मधले चालणे किंवा गाडीवरचे अंतर धरले, तर साडेसहा ते साडेनऊ या वेळात सहा-सात घरांपेक्षा जास्त घरे नीट होत नाहीत. दहा घरे घेणारे गट शेवटच्या तीन घरांत उरकतात, आणि शेवटचे घर बहुतेक वेळा कोणीतरी एकटे राहणारे असते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने मनाई आहे. माझ्या मते फेरीला ध्वनिवर्धक मुळात नसावाच. सोसायटीत जायचे असेल तर सचिवांना दोन दिवस आधी सांगावे, आणि ज्या मजल्यावर गाणार त्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही. बहुतेक शेजारी दार उघडून ऐकायला उभे राहतात.

दारात उभे राहण्याची एक पद्धत मेक्सिकोच्या पोसादांकडून घेण्यासारखी आहे. तिथे नऊ संध्याकाळी लोक दोन गट करतात. बाहेरचा गट योसेफ व मरिया यांच्या वतीने गाण्यातून आसरा मागतो, आतला गट घरमालकाच्या वतीने गाण्यातूनच नकार देतो, आणि काही कडव्यांनंतर ओळख पटून दार उघडते व सगळे आत येतात. आपल्याकडे सवाल-जवाबाची आणि भारुडाची सवय असलेल्या माणसांना हे लगेच जमते. यजमान घराला आधी दोन ओळी लिहून पाठवाव्यात. दार बंद ठेवून आतून मुलांनी त्या म्हणायच्या, बाहेरून आपण उत्तर द्यायचे. ज्या घरात आम्ही हे पहिल्यांदा केले तिथे आतल्या चार वर्षांच्या मुलाने नकाराची ओळ म्हणायला साफ नकार दिला आणि पहिल्याच ओळीला दार उघडले. आम्ही आत गेलो, आणि त्या घरात त्या दिवशी फार छान गायले गेले.

आत गेल्यावर क्रम साधा ठेवावा. एक शांत गीत, मग लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली ८ ते १४ ही वचने, म्हणजे मेंढपाळ आणि देवदूतांचा प्रसंग, घरातल्याच कोणाकडून वाचून घेणे, मग घरच्यांच्या आवडीचे एक गीत, प्रार्थना, आणि निघताना एक आनंदाचे गीत. आवडीचे गीत विचारायला विसरू नये. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले असेल तिथे आनंदाचे गीत घ्यावे की नाही हे आधी घरच्यांना विचारावे. बरेचदा ते 'घ्याच' म्हणतात, पण विचारलेले त्यांना बरे वाटते.

फराळ गाऊन झाल्यावरच खावा. करंजीचे सारण आणि चिवड्यातले पोहे घशात बसतात, आणि पुढच्या घरी पहिली ओळ खोकण्यात जाते. डिसेंबरात नाशकात रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, म्हणून मफलर गळ्याभोवती असावा, दुचाकीवर तोंड झाकलेले असावे आणि पुढच्या घरी गेल्यावर दोन मिनिटे गुणगुणून मगच गावे. घरांतून दानपेटीत मिळालेले पैसे कोणत्या कामासाठी आहेत हे पहिल्याच घरी सांगावे, त्याच रात्री दोघांनी मिळून मोजावे आणि आकडा वहीत लिहून खाली सह्या कराव्यात.

नव्याने आलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या मित्राला मी एवढेच सांगतो की प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहावे, 'आमेन' म्हणायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवावे, आणि गाणे मात्र मोकळ्या मनाने म्हणावे.

सहावी पायरी : चर्चमधली कॅरोल उपासना

बायबलमधली नऊ वाचने आणि त्यांच्यामध्ये गीते ही रचना आज जगभर वापरली जाते. तिचा आरंभ इंग्लंडमधल्या ट्रुरो येथे १८८० च्या नाताळच्या आदल्या रात्री बिशप एडवर्ड बेन्सन यांच्या पुढाकाराने झाला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये ती १९१८ मध्ये, महायुद्ध संपल्यावर दीडेक महिन्यात, एरिक मिलनर-व्हाइट यांनी सुरू केली. युद्धात ते सैन्याचे धर्मगुरू होते. १९२८ पासून बीबीसीने ती रेडिओवर आणली आणि तिथून ती पसरली. वाचने उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायापासून योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायापर्यंत जातात, म्हणजे एदेन बागेतल्या पतनापासून शब्द देही झाला इथपर्यंत.

आपल्याकडे नऊ वाचने लांबतात. पाच ठेवावीत, आणि प्रत्येक गीत त्याच्या आधीच्या वाचनाला उत्तर देणारे निवडावे. यशयाचे भविष्य वाचल्यावर आगमनकाळाचे गीत, मेंढपाळांचा प्रसंग वाचल्यावर देवदूतांचे गीत. हे जुळले नाही तर उपासनेचा गाण्यांचा कार्यक्रम होतो. वाचक निवडताना लहान मूल, गृहिणी, मंडळीतले जुने वडीलधारे आणि पाळकसाहेब असा क्रम ठेवावा, आणि वाचकांचाही माइकवर एक सराव घ्यावा. गायकांइतकाच, किंबहुना जास्तच, त्यांना तो लागतो.

जर्मनीतल्या 'क्वेम्पास' या जुन्या रीतीत गायक चर्चच्या चार कोपऱ्यांत उभे राहतात आणि एकेक ओळ एकेका कोपऱ्यातून येते. आमच्या चर्चमध्ये आम्ही दिवे मालवून एका गीतापुरते हे करून पाहिले. दगडी भिंतींच्या जुन्या चर्चमध्ये आवाज फिरतो, तेव्हा प्रत्येक कोपऱ्याने आधीची ओळ पूर्ण संपेपर्यंत थांबावे. नवख्या गायकाला कोपऱ्यात एकटे न ठेवता दोन अनुभवी आवाजांच्या मध्ये उभे करावे. मेणबत्त्यांना पुठ्ठ्याची किंवा कागदी कपाची झालर हवी, मुलांच्या हातात बॅटरीचे दिवे द्यावेत, आणि नायलॉनची ओढणी-पदर खोचून घ्यायला आधी सांगावे. पाण्याची बादली दाराशी असावी.

मंडळी बाकांवर बसून ऐकत राहिली तर कितीही सुरेल गायले तरी काम अपुरे राहते. म्हणून पाचांतली निदान तीन गीते अशी असावीत की ती सगळ्यांना येतात, त्यांचे शब्द छापून हातात दिलेले असावेत, आणि गायनवृंदाने त्या वेळी मंडळीकडे तोंड करून, पहिली ओळ धरून, मग आवाज कमी करावा. मंडळीचा आवाज वर आलेला ऐकू येतो तो क्षण नव्या गायकाला कळावा म्हणून मी त्याला त्या वेळी हळूच गायचे थांबून ऐकायला सांगतो.

नाताळनंतर

पंचवीस तारखेला सगळे दमतात आणि वह्या कपाटात जातात. पोलंडमध्ये मात्र नाताळची गीते, त्यांची 'कोलेंदी', नाताळच्या आदल्या रात्रीपासून म्हणायला लागतात आणि परंपरेने २ फेब्रुवारीपर्यंत म्हणत राहतात. आम्ही तेवढे लांबवत नाही, पण ६ जानेवारीला ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण येतो, तोवरचे दिवस आम्ही राहून गेलेल्या घरांसाठी ठेवतो. फेरीच्या दिवशी दवाखान्यात असलेली माणसे, रात्रपाळीवाले, आणि गर्दी झेपणार नाही म्हणून ज्यांनी आम्हाला येऊ नका असे सांगितले होते ती घरे, यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर असते. अशा घरी चारच जणांनी दुपारी जावे. ढोलक नेऊ नये. खाटेजवळ बसून, नेहमीपेक्षा एक सूर खाली, दोनच कडवी म्हणावीत आणि पहिल्या कडव्यानंतर थोडे थांबावे, कारण आजारी माणसाला श्वास जुळवून आपल्यात सामील व्हायला तेवढा वेळ लागतो.